आदिवासी विकासचा आरोग्याचा पैसा आरोग्य खात्याकडेच द्यावा का? नंदुरबार, धुळे, जळगाववाल्यांनी बोला

पांझराकाठ (धुळे), धागाकर्ता

नमस्कार मंडळी. मार्च जवळ आला की आमच्याकडे एक विषय हमखास निघतो, अमक्या खात्याचा पैसा पडून आहे, तो दवाखान्यांकडे वळवा. यावेळी साक्रीकडच्या आमच्या ग्रुपवर जोरात चाललंय की आदिवासी विकास विभागाच्या हातात आरोग्याच्या नावाने जो निधी असतो तो सरळ सार्वजनिक आरोग्य विभागाकडेच द्यावा, मधली पायरी कशाला, डॉक्टर त्यांचे, औषधं त्यांची, मग पैशाची किल्ली दुसऱ्याकडे का?

ऐकायला बरोबर वाटतं. पण हा पैसा आदिवासी विकासकडे गेला कसा ते बघायला पाहिजे. १९९३-९४ च्या आधी प्रत्येक खातं आपापल्या योजनेतला काही हिस्सा आदिवासी उपयोजना म्हणून दाखवायचं. राज्यभराची एखादी योजना असायची, त्यातला काही टक्के आदिवासींचा म्हणून कागदावर धरायचे, तो सातपुड्यात पोचला का नाही हे कोणी विचारायचं नाही. मग सुकथनकर समितीच्या शिफारशीवरून ठरलं की राज्याच्या योजनेतला ९ टक्के हिस्सा, म्हणजे लोकसंख्येच्या प्रमाणात, आधी बाजूला काढायचा आणि आदिवासी विकास विभागाच्या हातात द्यायचा, मग त्यांनी आरोग्य, रस्ते, पाणी वगैरे खात्यांना कामानुसार द्यायचा. किल्ली दुसऱ्याकडे मुद्दाम दिलेली आहे.

माझं मत सांगून टाकतो म्हणजे घोळ नको. पैसा खात्याखात्यात फिरवायला माझी ना नाही. पण आरोग्य खात्याने धडगाव, अक्कलकुवा, शिरपूरचा डोंगरपट्टा, चोपडा-यावलचे पाडे यांना इतर तालुक्यांसारखं जे द्यायलाच पाहिजे ते आधी दिलं पाहिजे आणि उपयोजनेचा पैसा त्याच्या वर आला पाहिजे. वरून आलेल्या पैशातून रोजचाच खर्च भागवला तर आदिवासी माणसाला जास्तीचं काहीच मिळालं नाही, फक्त आरोग्य खात्याची बचत झाली. तुम्हाला काय वाटतं?

केळीबाग (रावेर)

भाऊ विषय चांगला काढला. पण माझं म्हणणं तुमच्यापेक्षा पुढचं आहे, एवढी खाती पाहिजेतच कशाला? सार्वजनिक आरोग्य वेगळं, वैद्यकीय शिक्षण वेगळं, आदिवासी विकास वेगळं, अंगणवाडीसाठी महिला बालविकास वेगळं, पीएचसी म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्र चालवते झेडपी. पेशंटला काय माहीत तो कुठल्या खात्याच्या पायरीवर उभा आहे.

१५ ऑगस्ट २०२३ पासून आरोग्य विभागाच्या २,४१८ दवाखान्यांमध्ये केसपेपरपासून उपचारापर्यंत सगळं मोफत केलं, चांगलंच केलं. पण तो निर्णय फक्त आरोग्य विभागाचा होता, वैद्यकीय शिक्षणची हॉस्पिटलं त्याच्यात नव्हती. आता आपल्या जळगावचं सिव्हिल म्हणजे जिल्हा रुग्णालय २०१८ मध्ये मेडिकल कॉलेज आलं तेव्हा वैद्यकीय शिक्षणकडे गेलं, नंदुरबारचं २०२० मध्ये तसंच. म्हणजे ज्या जिल्ह्यात सिव्हिल आरोग्य खात्याकडे राहिलं तिथला गरीब माणूस जिल्ह्याच्या मोठ्या दवाखान्यात फुकट आणि ज्याचं सिव्हिल कॉलेजला दिलं त्याच्यासाठी नियम वेगळा. इमारत तीच, पलंग तेच, रांग तीच. खातं बदललं की हक्क कसा काय बदलतो हे मला कोणी समजावून सांगा.

माझ्या आईला घेऊन मी एका सरकारी दवाखान्यात गेलो होतो, तिथे आधी पैसे भरायच्या खिडकीकडे पाठवलं आणि बाजूला उभा असलेला माणूस म्हणत होता की तालुक्याला तर एक रुपया लागला नाही. त्याला वाटलं इथले लोक खातात. कोणी खात नव्हतं, नियमच तसा होता. पण त्या माणसाचा सरकारी दवाखान्यावरचा विश्वास तिथे गेला ना.

तापीचा_पोरगा (शहादा)

केळीबाग दादा, मी एमबीबीएस करतोय, कुठल्या कॉलेजला ते नाही सांगत. वैद्यकीय शिक्षणकडे पैसा गेला म्हणजे वाया गेला असं नका धरू. नंदुरबार १९९८ मध्ये वेगळा जिल्हा झाला तरी थोडी गुंतागुंत झाली की बाई धुळ्याला नाहीतर सुरतेला, हेच वर्षानुवर्षे चालत होतं. कॉलेज आलं की सर्जरी, बालरोग, भूल या सगळ्याचे विभाग ठेवावेच लागतात, नाहीतर मान्यता मिळत नाही. आणि पीएचसीत जो बाँडवाला डॉक्टर येतो तो कॉलेजमधूनच निघतो ना, वर्षभर सरकारी सेवा करायचा बाँड त्याने लिहून दिलेला असतो.

मात्र एक मान्य करतो. कॉलेजसाठी जिल्हा रुग्णालय घेतलं तेव्हा सिव्हिल सर्जनच्या हाताखाली ग्रामीण रुग्णालयं तशीच राहिली पण त्याचं स्वतःचं मोठं हॉस्पिटल गेलं. मोलगीच्या ग्रामीण रुग्णालयात सोनोग्राफीला डॉक्टर लागला तर पूर्वी सिव्हिलमधून पाठवता यायचा, आता दुसऱ्या खात्याला पत्र लिहायचं. धुळ्यात हा प्रश्न तेवढा नाही, कॉलेजचं हॉस्पिटल चक्करबर्डीला आहे आणि गावात जिल्हा रुग्णालय वेगळं आहे. जळगाव-नंदुरबारला अशी दुसरी सोय उभी केल्यावर मग हस्तांतर करायला पाहिजे होतं.

निवृत्त_लेखापाल (जळगाव)

चर्चा वाचतोय. मंडळी "पैसा वळवा" हे वाक्य फार सैल वापरतात म्हणून लिहितो, नोकरीभर हेच काम केलंय.

राज्याचं बजेट विधिमंडळ मागणीवार मंजूर करतं. प्रत्येक खात्याच्या मागण्या वेगळ्या. एकाच मागणीच्या आत एका लेखाशीर्षातून (खर्चाच्या ठरलेल्या सदरातून) दुसऱ्यात पैसा नेता येतो, त्याला पुनर्विनियोजन म्हणतात, त्यालाही वित्त विभागाचे नियम आहेत. पण एका मागणीतून दुसऱ्या मागणीत, म्हणजे एका खात्यातून दुसऱ्या खात्यात, सचिवाने सही केली आणि पैसा गेला असं होत नाही. इकडच्या खात्याने पैसा समर्पित करायचा, म्हणजे परत द्यायचा, आणि तिकडच्या खात्याने पुरवणी मागणी मांडून विधिमंडळाची मंजुरी घ्यायची. महसुली खर्चातून भांडवली खर्चातही नेता येत नाही, म्हणजे औषधाच्या पैशातून इमारत नाही आणि इमारतीच्या पैशातून औषध नाही. म्हणून मार्चच्या दुसऱ्या पंधरवड्यात "खात्यात पैसा पडून आहे, दवाखान्याला द्या" असं कोणी म्हणत असेल तर वेळ गेलेली असते. ३१ मार्चला जे खर्च झालं नाही ते व्यपगत, म्हणजे हातचं गेलं.

दुसरं, पांझराकाठ यांनी जो मुद्दा मांडला तो कागदावर तपासता येतो. आरोग्याचं मुख्य लेखाशीर्ष २२१०, कुटुंब कल्याण २२११, बांधकामासाठी ४२१०, पोषण आहार २२३६. आदिवासी क्षेत्र उपयोजनेसाठी त्याखाली गौणशीर्ष ७९६ असतं. एखाद्या वर्षी ७९६ खालची रक्कम वाढली आणि त्याच जिल्ह्याला सर्वसाधारणमधून मिळणारी रक्कम तेवढीच कमी झाली तर समजायचं की हा जास्तीचा पैसा नाही, जुनाच आहे, फक्त शीर्ष बदललं. एवढं बघायला अर्थशास्त्र यावं लागत नाही, दोन वर्षांचे आकडे शेजारी ठेवले की दिसतं.

पांझराकाठ (धुळे), धागाकर्ता

काका, फार उपयोगाचं सांगितलंत. जिल्हा नियोजन समितीतही असंच का? तिथे तर दर वर्षी ऐकतो की या योजनेतून काढून त्या योजनेत टाकले.

निवृत्त_लेखापाल (जळगाव)

जिल्हा वार्षिक योजनेचे तीन भाग असतात, सर्वसाधारण, अनुसूचित जातींचा आणि आदिवासींचा. ज्या योजनेत खर्च होत नाही तिथला पैसा समितीला दुसरीकडे देता येतो पण त्या भागाच्या आतच. आदिवासी भागातला सर्वसाधारणकडे नेता येत नाही. ही भिंत फार कामाची आहे, ती पाडा म्हणणाऱ्यांनी विचार करावा.

अडचण वेगळ्या जागी आहे. आदिवासी भागातून आरोग्याला तरतूद होते, मग प्रशासकीय मान्यता, मग आदिवासी विकासच्या प्रकल्प कार्यालयाकडून वितरण, मग बीम्सवर (सरकारच्या निधी वाटपाच्या संगणक प्रणालीवर) निधी दिसणार, मग झेडपीच्या आरोग्य विभागाकडे जाणार, मग निविदा. प्रत्येक टप्प्यावर फाईल थांबते आणि शेवटी बांधकाम नाहीतर साहित्य खरेदी एवढंच वेळेत होतं, कारण त्याचं बिल एकदम निघतं. माणसाचा पगार, गाडीचं डिझेल, सोनोग्राफीवाल्या डॉक्टरचं मानधन हे बारा महिने लागतं, त्यासाठी हा पैसा कामाचा राहत नाही. म्हणून धडगावसारख्या ठिकाणी इमारत दिसते आणि आत माणूस कमी.

नर्मदाकाठ (धडगाव)

मी मोबाईलवरून लिहितोय रेंज जाते येते समजून घ्या

तुम्ही लोक २२१० आणि ७९६ बोलताय ते बरोबर असेल पण आमच्याकडे आजारी माणसाला अजून झोळीत बांधून आणावं लागतं काही पाड्यांवरून. बांबूला गोधडी बांधायची दोघांनी खांद्यावर घ्यायचं रस्ता लागेपर्यंत चालायचं आणि रस्त्यावर आल्यावर १०८ ला फोन लावायचा तोही रेंज असेल तर. १०८ राज्यात २०१४ ला आली, गाडी चांगली आहे माणसं चांगली आहेत पण गाडी डांबरापर्यंतच येणार ना. म्हणून मी म्हणतो आमच्यासाठी रस्त्याचा पैसा हाच आरोग्याचा पैसा. आरोग्याला जास्त द्यायचं म्हणून जर रस्त्याचं कापलं तर दवाखान्यात औषध असेल आणि पेशंट वाटेत असेल.

नर्मदेच्या कडेला सरदार सरोवरच्या पाण्यामुळे कितीतरी पाड्यांना रस्ताच नाही, तिथे तरंगता दवाखाना होडीतून जातो. आता ती होडी कुठल्या खात्याची, डिझेल कुठल्या शीर्षातून, दुरुस्ती कोण करणार, याच्यात बाईचं पोट दुखायचं थांबत नाही. असल्या गोष्टीला एक ठरलेला पैसा पाहिजे जो कोणी वळवायचा नाही.

गटप्रवर्तक_ताई (अक्कलकुवा)

नर्मदाकाठ दादा अगदी बरोबर बोलले. मी आशांसोबत काम करते म्हणून खालून कसं दिसतं ते सांगते.

एक गरोदर बाई घ्या. तिची नोंद आणि तपासणी एएनएम म्हणजे नर्सबाई करते, ती झेडपीच्या उपकेंद्राची, कधी ती कायम असते कधी एनएचएमची (राष्ट्रीय आरोग्य अभियानाची) कंत्राटी, म्हणजे पगारात केंद्र ६० आणि राज्य ४०. तिला रोज एक वेळचं जेवण अंगणवाडीत मिळतं अमृत आहार योजनेतून, ती २०१५ ला सुरू झाली, शिजवते अंगणवाडी म्हणजे महिला बालविकास पण पैसा आदिवासी विकासचा. दवाखान्यात बाळंत झाली तर जननी सुरक्षा योजनेचे ७०० रुपये आरोग्याचे. मातृवंदना योजनेचे पहिल्या बाळाला ५,००० त्याचा फॉर्म वेगळा. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची तपासणी वेगळी, आमच्या पट्ट्यात ती फार गरजेची आहे, भिल्ल पावरा कुटुंबांमध्ये आई आणि बाप दोघं वाहक असले की लेकराला आजार होऊ शकतो हे आम्ही घरोघरी जाऊन सांगतो. आशांचा मोबदला केंद्राचा वेगळा येतो राज्याचा वेगळा येतो. आणि या सगळ्यांना आधार आणि बँक पासबुक पाहिजे, कितीतरी बायांची बँक कुठे तर मोलगीला नाहीतर अक्कलकुव्याला, एक दिवसाची मजुरी बुडवून जायचं.

मला खाती किती असावीत हे कळत नाही, पण अमृत आहारमध्ये एक गोष्ट चांगली आहे ती सांगते. तिथे पैसा आदिवासी विकासचा, काम दुसऱ्या खात्याचं, आणि गावातल्या बायांची आहार समिती मध्ये बसवलीय. ज्या गावात समितीच्या बाया जाग्या आहेत तिथे जेवण चालतं, पैसे थकले की त्या बोलतात. ज्या गावात समिती नावाला आहे तिथे पैसे थकले की सेविका बिचारी उधारीवर डाळ तेल आणते, मग एक दिवस दुकानदार नाही म्हणतो आणि जेवण बंद. म्हणजे पैसा कुठल्या खात्याचा याच्यापेक्षा तो दर महिन्याला येतो का आणि नाही आला तर विचारणारं कोण आहे हे आमच्यासाठी मोठं.

गिरणामाय (चाळीसगाव)

सगळ्यांचे प्रतिसाद वाचले. मला वाटतं आपण उगाच खात्यांच्या भांडणात अडकतोय, विम्याला पैसा वाढवा ना. जनआरोग्य योजनेत आता ५ लाखांचं संरक्षण आहे, पेशंट खाजगीत जाईल नाहीतर सरकारीत, पैसा पेशंटच्या मागे जाईल. आणि ही योजना २०१२ ला पहिल्या टप्प्यात ज्या आठ जिल्ह्यांत आली त्यात आपलं धुळे होतं, आपल्याकडे जुना अनुभव आहे.

तापीचा_पोरगा (शहादा)

गिरणामाय, योजना चांगली आहे, हृदयाचं ऑपरेशन, डायलिसिस, कॅन्सर यासाठी कितीतरी घरं वाचली, त्याबद्दल वाद नाही. पण ती भरती झाल्यावरच्या ठरलेल्या उपचारांना आहे. ताप, खोकला, गरोदरपणातलं रक्त कमी, बीपीची रोजची गोळी, हे ओपीडीचं काम तिच्यात नाही आणि आपल्याकडे जास्त लोक त्यासाठीच दवाखान्याची पायरी चढतात. आणि पैसा पेशंटच्या मागे जाईल म्हणता, तोरणमाळच्या पुढच्या पाड्यावर पेशंटच्या मागे जाईल असं खाजगी हॉस्पिटल कुठे आहे? तिथे पीएचसी आहे तर आहे, नाहीतर काही नाही. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात लिहिलंय की आरोग्याच्या पैशातले दोन तृतीयांश किंवा जास्त प्राथमिक सेवेला द्यावेत. राज्यांनी २०२० पर्यंत बजेटच्या ८ टक्क्यांपेक्षा जास्त आरोग्यावर खर्च करावा असंही त्यातच आहे आणि महाराष्ट्र त्याच्या बराच खाली आहे. एकूण रक्कमच कमी असेल तर या खात्यातून त्या खात्यात करून कोणाचं तरी कमीच पडणार.

बोरीकाठ (पारोळा)

बठ्ठं खरं शे भाऊ, पन रातना डॉक्टर कोठे ऱ्हास ते सांगा. आमना गावनी पीएचसी दिनमा उघडी ऱ्हास, रात व्हयनी का कुलूप.

केळीबाग (रावेर)

बोरीकाठ दादा, तेच तर. आणि औषधाचंही तसंच. २०१७ मध्ये सगळ्या खात्यांची औषध खरेदी हाफकिन महामंडळाकडे दिली, एकत्र घेतलं की स्वस्त पडेल म्हणून. पैसा तिकडे जमा झाला आणि औषध वेळेवर येत नाही अशा तक्रारी राज्यभर झाल्या, शेवटी २०२३ मध्ये वेगळ्या खरेदी प्राधिकरणाचा कायदा करावा लागला. तामिळनाडूने हेच महामंडळ १९९४ मध्ये केलं आणि ते नीट चालतं, कारण तिथे प्रत्येक दवाखान्याला पासबुक असतं, किती रकमेची औषधं आपल्या नावावर, किती उचलली, किती बाकी. आपल्या पीएचसीच्या एमओला म्हणजे वैद्यकीय अधिकाऱ्याला विचारा तुमच्या नावावर किती बाकी, काय सांगेल तो?

मी वर म्हटलं होतं सगळी खाती एक करा, ते माझं मत कायम आहे, निदान आरोग्य आणि वैद्यकीय शिक्षण तरी एका छताखाली आणा. पण आदिवासी विकासचा पैसा त्याच्यात मिसळू नका हे काकांचं वाचून पटलं, तो एकदा मोठ्या ढिगात गेला की परत वेगळा काढता येणार नाही.

गिरणामाय (चाळीसगाव)

ओपीडीचा मुद्दा मान्य. पण भाऊ एक विचारते, उपयोजनेतून पगार द्यायचा नाही, औषध द्यायचं नाही, कारण ते आरोग्य खात्याने द्यायचंच आहे, मग द्यायचं तरी काय? परत इमारतच ना?

पांझराकाठ (धुळे), धागाकर्ता

चांगला प्रश्न आहे ताई. माझ्या मनात आहे ते असं.

मंजूर पद भरणं, नेहमीची औषधं, पीएचसीची गाडी हे आरोग्य खात्याचं काम, ते धडगावलाही आणि पारोळ्यालाही. डोंगरी-आदिवासी भागात २०,००० लोकांमागे पीएचसी आणि ३,००० मागे उपकेंद्र हा निकष देशभराचा आहे, सपाटीवर तोच ३०,००० आणि ५,००० आहे, म्हणजे जवळचा दवाखाना ही पण उपकाराची गोष्ट नाही, ठरलेलं आहे. हे सगळं २२१० च्या सर्वसाधारणमधून यायला पाहिजे.

याच्या वर जे फक्त डोंगरातच लागतं ते उपयोजनेतून. नर्मदाकाठ म्हणतात ती होडी, तिचं डिझेल आणि तिच्यावरची माणसं. पाड्यावरून रस्त्यापर्यंत पेशंट आणणाऱ्याला मजुरी. दुर्गम ठिकाणी राहणाऱ्या डॉक्टर-नर्सला जास्तीचा भत्ता आणि राहायला बरी खोली, बाळंतपणाच्या आठ दिवस आधी बाईला तालुक्याला येऊन राहता येईल अशी जागा आणि सोबत येणाऱ्याचं जेवण, पावरी-भिलोरी बोलणारा एक माणूस प्रत्येक मोठ्या दवाखान्यात, म्हणजे नंदुरबारला आणि धुळ्यालाही, कारण आमचे लोक तिथे जाऊन गप्प बसून राहतात, काय दुखतं ते सांगता येत नाही आणि समोरच्याला वाटतं अडाणी आहेत. आरोग्य खातं यातलं काहीच स्वतःहून करणार नाही कारण राज्याच्या सरासरीत हे बसत नाही. आणि हे खर्च तीन वर्षांसाठी एकदम मंजूर करावेत, दर मार्चला नव्याने फाईल नको.

बोरीकाठ दादांचा रात्रीच्या डॉक्टरचा प्रश्न मात्र उपयोजनेचा नाहीच, पारोळा तिच्यात येत नाही. तो सरळ आरोग्य खात्याला विचारायचा.

निवृत्त_लेखापाल (जळगाव)

हे पटण्यासारखं आहे. तीन वर्षांचं मात्र तसं होणार नाही, विधिमंडळ वर्षाचाच पैसा मंजूर करतं. पण योजनेलाच तीन वर्षांची प्रशासकीय मान्यता घेता येते, मग दरवर्षी फक्त तरतूद टाकायची, फाईल पहिल्यापासून फिरवावी लागत नाही. मागणी करताना तसं लिहा.

आणि कोणाला आकडे काढायचे असतील तर माहिती अधिकारात असं विचारू नका की आरोग्यावर किती खर्च केला. तसं विचारलं की एक मोठा आकडा मिळतो आणि काही कळत नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रनिहाय विचारा, मागची दोन वर्षं, २२१० सर्वसाधारण वेगळं आणि ७९६ वेगळं, तरतूद किती, वितरित किती, खर्च किती, समर्पित किती आणि कुठल्या तारखेला. तारीख फार महत्त्वाची. फेब्रुवारीत वितरण झालं असेल तर खर्च न होण्याचा दोष खालच्या माणसाचा नाही. अर्ज झेडपीच्या आरोग्य विभागाला एक आणि प्रकल्प कार्यालयाला एक, दोन्हीकडे, कारण दोघांचे आकडे जुळत नसतील तर तेही कळलं पाहिजे.

गटप्रवर्तक_ताई (अक्कलकुवा)

काका त्यात अमृत आहारचे पण विचारायला सांगा ना, कुठल्या महिन्याचे पैसे कुठल्या तारखेला आले. आम्हाला नोकरीमुळे अर्ज करता येत नाही.

नर्मदाकाठ (धडगाव)

ताई मी करतो अर्ज माझ्या नावाने. काका मसुदा टाका इथे, उद्या बाजाराला धडगावला चाललोय, प्रिंट काढून दोन्ही पोस्टात टाकतो

पांझराकाठ (धुळे), धागाकर्ता

साक्रीचा मी करतो. चोपडा-यावलकडचं कोणी आहे का इथे? यावलच्या प्रकल्प कार्यालयाचा अर्ज तिकडच्याच माणसाने केलेला बरा.